पायांस वाट दाखविणारे सेइइची मियाके

जपान देशांत ओकायामा नांवाचा एक प्रांत आहे. तेथें इ. स. १९२६ सालीं सेइइची मियाके यांचा जन्म झाला. उतारूंच्या सोयीचें एक विश्रांतिगृह ते चालवीत, आणि नव्या उपयोगी वस्तु शोधून काढण्याचा त्यांस मोठा नाद होता.

त्यांच्या एका मित्राची दृष्टि मंद होऊं लागली. अशा मनुष्याची कींव पुष्कळांस येते. परंतु मियाके यांनीं विचार केला तो असा कीं, डोळ्यांचें काम पायांकडून कसें करवून घ्यावें? आंधळ्याच्या हातीं काठी असली, तरी पायवाट कोठें संपली व गाड्यांचा रस्ता कोठें लागला, हें सपाट भूमि त्यास सांगत नाहीं. डोळस जेथें पाहून थांबतो, तेथेंच आंधळ्याचा प्राण जाण्याचें भय असतें. म्हणून इ. स. १९६५ सालीं मियाके यांनीं पदरचा पैसा खर्चून सिमेंटची अशी फरशी तयार केली कीं, तिजवरील उंचवटे जोड्याच्या तळव्यांतून पायास व काठीच्या टोंकास कळावे.

ता. १८ मार्च १९६७ रोजीं ओकायामा शहरांतील अंधशाळेजवळ, हमरस्ता ओलांडण्याच्या जागीं, अशा २३० फरशा प्रथम बसविण्यांत आल्या. आरंभीं मागणी थोडी होती, तरी मियाके यांनीं काम सोडलें नाहीं. पुढें जपानांतील आगगाडीच्या फलाटांवरही या फरशा आल्या. इ. स. १९८२ सालीं मियाके मरण पावले. पण त्यांचें काम देशोदेशीं पसरलें, आणि २०१२ सालीं अशा फरशांचें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें.

या फरशांच्या मुख्य खुणा दोनच आहेत. लांब पट्ट्या असल्या तर त्यांच्या दिशेनें चालावें. गोल उंचवटे लागले तर थांबून सावध व्हावें, कारण पुढें जिना, रस्ता किंवा फलाटाची कड असते. ज्यांस अंधुक दिसतें त्यांच्याकरितां रंग बहुधा पिवळा असतो.

मुंबईच्या व पुण्याच्या मेट्रो स्थानकांत ही पिवळी वाट आहे. गांवच्या आंधळ्या बंधूस अथवा भगिनीस घेऊन तेथें जाल, तेव्हां या दोन खुणा त्यांच्या पायांस व काठीस ओळखवून द्या. आणि आपण डोळसांनीं त्या वाटेवर गांठोडें ठेवूं नये, उभेंही राहूं नये. कारण एका गांठोड्यानेंही ती वाट बंद होते, आणि आंधळ्यास तें अडखळून पडल्यावरच कळतें.