'वंश' आणि 'जात' : डॉ. आंबेडकरांचा शब्दविवेक

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१-१९५६) यांच्या चरित्रात सत्याग्रह, संविधान आणि धर्मांतर यांचे तपशील विपुल आढळतात. 'वंश' या एका शब्दाशी त्यांनी तीन दशके घातलेला वाद मात्र त्या मानाने सलगपणे पाहिला जात नाही.

महू येथे जन्मलेले आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्रविषयक परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. तो काळ हर्बर्ट रिस्ले यांच्या प्रभावाचा होता; नाकाच्या मापांवरून जातीची सामाजिक पायरी ठरवता येते, अशी रिस्ले यांची धारणा होती. पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने जातीचे मर्म रक्तात न शोधता अंतर्विवाहात शोधले. श्री. व्यं. केतकरांच्या ग्रंथाची त्याने गुणग्राहकतेने दखल घेतली. मात्र केतकरांनी सांगितलेली जन्म आणि विवाहनिर्बंध ही दोन लक्षणे वस्तुतः एकच होत, हेही दाखवून दिले.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी सिद्ध केलेले, पण मंडळाने संमेलनच रद्द केल्यामुळे न झालेले भाषण त्यांनी १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले. पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार वंशाने एकच आहेत, हे प्रतिपादन तेथे येते. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत 'हरिजन' ही संज्ञा कायद्यात घालण्यास त्यांच्या पक्षाने विरोध करून सभात्याग केला. गोड नावाने स्थिती झाकली जाते, हा आक्षेप शब्दविवेकाचाच होता.

या वादाचा कळस १९४६ च्या शूद्रविषयक ग्रंथात आहे. ऋग्वेदातील दस्यूंचे 'अनास' हे विशेषण पाश्चात्त्य पंडितांनी 'अ-नास', म्हणजे नाक नसलेले, असे फोडले आणि त्यावर चपट्या नाकाच्या वंशाची कल्पना उभी केली. सायणाचार्यांचा पदच्छेद 'अन्-आस' असा, म्हणजे वाणीशी संबंधित आहे. 'मृध्रवाच्' या दुसऱ्या विशेषणाशी तो जुळतो, म्हणून आंबेडकरांनी तो स्वीकारला. एका पदच्छेदावर अवघा वंशसिद्धांत तोलला जावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये. विशेष म्हणजे हा ग्रंथ महात्मा फुल्यांना अर्पण केलेला आहे आणि फुल्यांची मांडणी तर आर्यांच्या आक्रमणावर आधारलेली होती. गुरुस्थानी मानलेल्या पुरुषाशी मतभेद ठेवूनही आदर अबाधित राहतो, तो असा.

१९४८ च्या अस्पृश्यविषयक ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी दिलेली नाकाची मापेच आधाराला घेऊन ब्राह्मण व अस्पृश्य यांचे वांशिक ऐक्य दाखवले. येथे ते प्रतिपक्षाचीच फूटपट्टी वापरतात. ही मापेच आज शास्त्राने त्याज्य ठरवली असल्याने हा युक्तिवाद दुबळा वाटतो. अंतर्विवाहाची मीमांसा मात्र त्यावर अवलंबून नाही.

वंशभेद आणि जातिभेद वेगळे मानल्याने त्यांची सहानुभूती आटली नाही. १९४६ मध्येच त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागवली होती. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात 'वंश' आणि 'जात' हे शब्द शेजारी, पण स्वतंत्र आहेत. २००१ च्या डर्बन परिषदेत भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे, असे सांगून जातीचा विषय चर्चेबाहेर ठेवण्याचा प्रयत्न केला. दलित संघटनांनी आंतरराष्ट्रीय करारातील जन्मवंशपरंपरावाचक शब्दाचा आधार घेऊन तो तेथे मांडला.