जमिनीखालचे नाना फडणवीस

आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दहावीपर्यंत मराठी म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले दोन निबंध आणि एक पत्रलेखन. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. तरीही मराठी विभागात लिहायचे धाडस करतेय, त्याला कारण खोपोलीचा एक तलाव आणि पुण्याची मेट्रो. आता या दोघांचा संबंध काय, तर नाना फडणवीस!

सेकंड इयरला सर्व्हेच्या प्रॅक्टिकलसाठी आमची बॅच खोपोलीच्या वीरेश्वर महादेवाच्या मंदिराजवळ गेली होती. मी उंच, म्हणून स्टाफ धरून उन्हात उभं राहायचं काम माझ्याकडे. देवळात बसलेले एक आजोबा बराच वेळ आमची गंमत बघत होते. त्यांनी विचारले, हा तलाव कुणी बांधला ते माहीत आहे का? आमच्यातल्या एकाने अगदी कॉन्फिडन्सने पी.डब्ल्यू.डी. म्हणून सांगितले. आजोबा हसले नाहीत, हे जास्त लागलं. तलाव आणि मंदिर दोन्ही नाना फडणवीसांनी बांधलेले, असे त्यांनी सांगितले. मला तोपर्यंत नाना माहीत होते ते फक्त तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकातले, आणि तेही पोस्टरवर पाहिलेले.

मग लायब्ररीत जाऊन वाचायला सुरुवात केली. (लायब्ररीत सबमिशन सोडून दुसऱ्या कामाला गेलेली मी बहुधा पहिलीच.)

त्यांचे खरे नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्यातला. घराणे मूळचे कोकणातल्या वेळासचे, म्हणजे जिथे आता लोक कासवांची पिल्लं बघायला जातात तेच वेळास. आजोबा पहिल्या पेशव्यांबरोबर देशावर आले आणि फडणिशी घरात आली. फडणीस म्हणजे सरकारचा जमाखर्च, कागदपत्र, हिशेब तपासणारा माणूस. १७५६ मध्ये वडील वारले आणि ही जबाबदारी चौदा वर्षांच्या नानांवर पडली. चौदाव्या वर्षी आपण नववीत असतो, एवढेच सांगते.

१७६१ मध्ये नाना एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान. ते पानिपतावर होते. लढायला म्हणून नव्हे. सैन्याबरोबर उत्तरेत तीर्थयात्रा होईल म्हणून आई आणि बायकोही सोबत होत्या. १४ जानेवारीला सगळे संपले तेव्हा नाना वेश बदलून, उपाशीतापाशी, रानावनातून निसटले. बायको नंतर सापडली. आई परत आलीच नाही. पुढे नानांनी छोटेसे आत्मचरित्र लिहिले, त्यात हे दिवस आहेत, आणि स्वतःच्या मनाचे दुबळेपणसुद्धा त्यांनी लपवलेले नाही. मोठ्या माणसाने असे लिहावे याचे मला फार आश्चर्य वाटले.

त्यानंतर माधवराव पेशव्यांच्या काळात नाना कारभारात तयार झाले. १७७२ मध्ये माधवराव गेले, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि राघोबादादा पेशवे होऊन बसले. तेव्हा ज्या कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध एकी केली ते बारभाई. नारायणरावांचा मुलगा १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मला. त्या तान्ह्या सवाई माधवरावाच्या नावाने पुढची वीस वर्षे राज्य चालले आणि हळूहळू ते चालवणारा हात एकट्या नानांचा झाला. त्यांना पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे शहाणे म्हणतात, कारण बाकीचे तिघे तलवारही चालवायचे. अर्ध्या शहाण्याने इंग्रजांना जे दाखवले ते मात्र पुरेपूर होते, आणि त्यातला एक मोठा भाग आपल्या याच परिसरात घडला.

१७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला बोरघाट चढून गेली. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. वाटेतला दाणागोटा काढून नेला, तळेगाव जाळून मोकळे केले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना मान खाली घालून तह करावा लागला. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १७८१ मध्ये, जनरल गॉडर्डने पुन्हा घाट घेतला आणि आपला तळ खाली खोपोलीला टाकला. नानांनी हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन, तुकोजी होळकर यांना मागे लावले. पनवेल ते खोपोली ही रसद येण्याची वाट, तिच्यावर रोज छापे. एप्रिलमध्ये गॉडर्डला बरीच माणसे गमावून माघारी जावे लागले. आपण पनवेल-खोपोली एस.टी.ने जाता-येता झोपतो ना, तोच हा रस्ता! पुढच्या वर्षी सालबाईचा तह झाला.

असा हा घाटाचे महत्त्व पुरते ओळखणारा माणूस. त्याच घाटाच्या पायथ्याशी त्यांनी तलाव बांधला. बैल, घोडे, पालख्या, पायी वाटसरू, सगळ्यांना चढ चढण्याआधी थांबायला आणि प्यायला पाणी.

पाण्याचे हे वेड नानांना पुण्यातही होते आणि माझी खरी गोष्ट तिथे सुरू होते. माझी मावशी सदाशिव पेठेत राहते. तिच्याकडे सुट्टीत गेल्यावर मी खोपोलीचा किस्सा सांगितला, तर ती म्हणाली की नानांनी बांधलेल्या हौदाचं पाणी तिच्या सासूबाईंनी भरलेलं आहे. हौदात पाणी कुठून यायचं? तर नळातून. तेव्हाचा नळ म्हणजे तोटी नव्हे बरं का. नळ म्हणजे जमिनीखालून बांधून काढलेला दगड-विटांचा चुनेगच्ची मार्ग. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बंधारे घालून असा नळ शनिवारवाड्यापर्यंत आणला, तो काही ठिकाणी माणूस आत चालू शकेल एवढा मोठा आहे. ठराविक अंतरावर वर उच्छ्वास बांधलेले, म्हणजे हवा जायला आणि साफसफाईला उतरायला जागा. मध्येमध्ये गाळ बसायला हौद. पंप नाही, वीज नाही, सगळे उतारावर. फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायवाला मला हायड्रॉलिक ग्रेडियंट सांगता आला नव्हता, त्या दिवशी मावशीच्या ओट्यावर बसून कळला. दुसरा एक नळ नानांनी आंबेगावच्या बाजूने सदाशिव पेठेतल्या हौदापर्यंत आणला.

नानांची सगळीच बांधकामे जमली असे नाही. काशीच्या पलीकडे कर्मनाशा नावाची नदी आहे. तिच्या पाण्याला पाय लागला तर पुण्य धुऊन जाते अशी समजूत, म्हणून यात्रेकरूंसाठी नानांनी तिच्यावर पूल बांधायला घेतला. खर्च प्रचंड झाला, पण वाळूत पाया बसेना आणि काम तसेच राहिले. पुढे १८३० च्या आसपास राजा पटनीमल यांच्या पैशाने तिथे पूल झाला, आणि तो बांधणारा होता जेम्स प्रिन्सेप. ज्याने १८३७ मध्ये अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी वाचली तोच हा! म्हणजे एकाच माणसाला पायाही कळत होता आणि शिलालेखही. आमच्या सिलॅबसमध्ये पाया सेकंड इयरला आहे, शिलालेख कुठेच नाही.

नानांबद्दल सगळे चांगलेच लिहायचे तर ते खोटे होईल. त्यांनीच वर आणलेल्या घाशीराम कोतवालाच्या अमलात १७९१ मध्ये कोंडून ठेवलेले ब्राह्मण गुदमरून मेले. लोक खवळले तेव्हा नानांनी घाशीरामला त्यांच्या हवाली केले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. कोतवालाने काय चालवले आहे हे हिशेबातली दमडी पकडणाऱ्या माणसाला दिसत नव्हते, हे मला पटत नाही. सवाई माधवरावालाही त्यांनी इतके जपले की त्याचा श्वास कोंडला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामावर विजय मिळाला आणि त्याच ऑक्टोबरात एकवीस वर्षांचा पेशवा वाड्यातून खाली पडून गेला.

मग उतरण. दुसरा बाजीराव, दौलतराव शिंदे, महाडला पळ, पुन्हा पुण्यात, १७९७ च्या शेवटच्या दिवशी कैद, अहमदनगरचा किल्ला, सुटका. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नाना गेले. मागे राहिली पत्नी जिऊबाई, वय जेमतेम नऊ. आणि मागे राहिले कागद! वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातले त्यांचे दप्तर आज इतिहासकारांचा खजिना आहे. सगळे लिहून ठेवणारा माणूस होता तो.

पण नळ नेमका कोणत्या घराखालून, किती फुटांवरून जातो, हे आज खोदणाऱ्याला एका नकाशावर बघायला मिळेल असे नाही. रस्ते, ड्रेनेज, इमारतींचे पाये यांच्या कामांत कात्रजचा नळ कितीतरी ठिकाणी फुटला, बुजला. आणि आता त्याच पेठांच्या खालून मेट्रो गेली. शिवाजीनगर ते स्वारगेट सुमारे सहा किलोमीटर भुयारी मार्ग. खोदणाऱ्या मशीन्सची नावे मुळा, मुठा आणि पवना. सिव्हिल कोर्ट स्टेशन तर तेहेतीस मीटर खोल आहे. तिथून स्वारगेटपर्यंतचा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. नानावाडा, शनिवारवाडा, नानांचे बेलबाग मंदिर, सगळे या मार्गाच्या आसपासच.

मी मावशीबरोबर त्या गाडीत बसले तेव्हा मनात एकच प्रश्न होता, नळाचं काय झालं असेल? नंतर आमच्या सरांनी फळ्यावर क्रॉस सेक्शन काढून दाखवला. बोगदा खोल, बेसाल्टमध्ये. जुने नळ, विहिरी, तळघरे वरच्या थरात. म्हणजे मशीन त्यांच्या खूप खालून जाते. धोका असतो तो वरून खोदावे लागते तिथे, म्हणजे स्टेशन, जिने, लिफ्टचे खड्डे. शिवाय कंपने आणि जमीन खचणे. म्हणून जुन्या इमारतींची आधी पाहणी करतात, भेगांवर मापक लावतात, कंपने मोजत राहतात. इमारत दिसते तरी, तिच्यावर मापक लावता येतो. जे दिसतच नाही त्यावर काय लावणार?

मार्च २०१९ मध्ये नेमके तेच झाले. स्वारगेटला मेट्रोचे खोदकाम चालू असताना जमिनीखाली जुने बांधीव भुयार लागले. लगेच गुप्त वाटा आणि खजिन्याच्या गोष्टी सुरू झाल्या. जाणकारांनी पाहून सांगितले की हा जुन्या पाणीपुरवठ्याचा भाग असावा. अचानक लागले याचा अर्थ खोदण्याआधी हातात असलेल्या ड्रॉईंगवर ते नव्हते.

कायदा आहे का? आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीचा पट्टा. त्यामुळेच पुण्यात नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसजवळून जाणारा मेट्रोचा मार्ग कल्याणीनगरकडून वळवावा लागला. पण हे यादीतल्या स्मारकांचे झाले. खोदताना काही किमती सापडले तर १८७८ चा एक कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवायचे. दहा रुपये! पाण्याच्या नळाची किंमत कोण, कशी लावणार?

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात २००६ मध्ये मेट्रोचे काम सुरू झाले आणि वेनिझेलू स्टेशनच्या जागी संगमरवरी फरसबंदीचा बायझंटाईन काळातला रस्ता, दुकानांसकट, निघाला. वर्षानुवर्षे भांडणे, कोर्ट. शेवटी तो रस्ता तुकड्या-तुकड्यांनी, मोजून, क्रमांक घालून उचलला आणि स्टेशन बांधून झाल्यावर परत तिथेच बसवला. मेट्रो सुरू व्हायला ३० नोव्हेंबर २०२४ उजाडला. अठरा वर्षे ही फारच झाली, तेवढी आपल्याला परवडणार नाहीत, हे मलाही कळते. आपल्या घाटातला १८३० चा अमृतांजन पूल एक्स्प्रेसवेवरच्या वाहतुकीला अडतो म्हणून एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या रिकाम्या रस्त्यावर, स्फोटकांनी उडवला. तिथले अपघात खरे होते. तरी त्या जागेवरून जाताना मी अजून वर बघते.

आमच्या बॅचने मात्र एक केले. त्या दिवशी तलावाची लेव्हल्स घेतली होती, ती जर्नलमध्ये मार्कांपुरती राहिली असती. आम्ही चौघे दोन रविवारी परत गेलो, टेप धरून पायऱ्या मोजल्या, दगडांची मापे घेतली आणि प्लॅन आणि दोन सेक्शन ए-वन शीटवर काढले. आजोबांना एक झेरॉक्स नेऊन दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि पूर्वेकडच्या कोपऱ्यात, पाण्याखाली, अजून पायऱ्या आहेत म्हणाले. आमच्या शीटवर तिथे सरळ रेघ आहे. मे महिन्यात पाणी उतरले की परत जायचे ठरले आहे. टेप माझ्या रूममध्येच आहे, ज्यांना यायचे असेल त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या गेटवर नाव नोंदवावे.