विटा उतरवायच्या कुठे? ४१० दिवसांत १०२ मजले उभारणारे पॉल स्टॅरेट

पातूरच्या एखाद्या अरुंद गल्लीत घरावर मजला चढवायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो, विटा-रेती उतरवायची कुठे? ढीग रस्त्यावर पडतो आणि मजूर घमेल्यांनी तो वर नेतात. हाच प्रश्न न्यूयॉर्कच्या भर वस्तीत १०२ मजल्यांच्या एम्पायर स्टेट इमारतीसमोर होता. तो सोडवला कंत्राटदार पॉल स्टॅरेट यांनी.

कोण होते स्टॅरेट?
अमेरिकेतील कॅन्सस राज्यात १८६६ मध्ये जन्म. शिकागोत वास्तुविशारद डॅनियल बर्नहॅम यांच्या कार्यालयात ते तयार झाले. पुढे फुलर या मोठ्या बांधकाम कंपनीचे प्रमुख झाले आणि १९२२ मध्ये भावांसोबत त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

काम कसे मिळाले?
तुमच्याकडे यंत्रसामग्री किती, असे मालकांनी विचारले. एक फावडेही नाही, असे त्यांनी सांगून टाकले. या इमारतीला लागेल तशीच सामग्री नवी घ्यायची आणि काम संपल्यावर विकायची, असा त्यांचा हिशेब होता. काम त्यांनाच मिळाले.

पोलाद वर कसे गेले?
सुमारे ५७ हजार टन पोलाद लागणार होते, पण साठवायला जागा नव्हती. त्यामुळे रोजच्या ट्रकचे वेळापत्रक ठरले. प्रत्येक तुळईवर तिची जागा आणि ती उचलणाऱ्या डेरिकचा, म्हणजे उचलयंत्राचा, क्रमांक लिहिलेला असे. ट्रकवरून आलेली तुळई लगेच वर जाई. उंची वाढल्यावर मधल्या मजल्यांवर टप्पे करून माल चढवला गेला.

आणि विटा?
एक कोटी विटांपैकी रस्त्यावर ढीग लावायचा नाही, असे ठरले. ट्रक विटा घसरणीवरून तळघरातील मोठ्या कोठीत ओतत. कोठीखाली डबे भरले जात, ते उचलयंत्राने वर जात आणि मजल्यावर टाकलेल्या अरुंद रुळांवरून गवंड्याजवळ पोहोचत. मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे आठवा. तसेच अरुंद रूळ, पण हे मजल्या-मजल्यावर! जेवणाची सोयही वरच केली होती. त्यामुळे दुपारी हजारो मजुरांची खाली-वर ये-जा टळली.

परिणाम काय?
१७ मार्च १९३० रोजी सुरू झालेली इमारत १ मे १९३१ रोजी, ४१० दिवसांत, खुली झाली. खर्चही अंदाजापेक्षा कमी आला. मात्र अधिकृत नोंदीनुसार ५ मजुरांचा जीव गेला. वेळापत्रकाने दिवस वाचवले, सगळे जीव वाचवता आले नाहीत.

स्टॅरेट १९५७ मध्ये वारले. आज उंच इमारतीचे काम सुरू होण्याआधीच टॉवर क्रेन कुठे उभी राहणार, ट्रक किती वाजता आत येणार आणि वजनाखाली कोणी थांबणार नाही ना, हे कागदावर ठरवतात. घर दोन मजल्यांचे असले तरी ट्रॅक्टर बोलावण्याआधी हेच प्रश्न विचारायला हवेत.