घाम तिचा, गल्ला क्लबचा
विम्बल्डन म्हटलं की आज कोट्यवधींची बक्षिसं आठवतात. पण सुझान लेंग्लेनच्या काळात तिथे रोख बक्षीसच नव्हतं! १८९९ मध्ये पॅरिसला जन्मलेल्या सुझानने १९१९ ते १९२५ दरम्यान सहा वेळा तिथलं एकेरीचं विजेतेपद पटकावलं. तिला बघायला तोबा गर्दी. जुनं मैदान अपुरं पडू लागलं आणि १९२२ मध्ये क्लब मोठ्या जागेत गेला. तिकिटांचा गल्ला मात्र क्लब आणि संघटनांच्या तिजोरीत. नियम त्यांचे, हिशेबही त्यांचाच. खेळाडूने मात्र 'हौशी' राहायचं!

१९२६ मध्ये सुझानने हे झुगारलं. ५० हजार डॉलरचा करार करून ती अमेरिकेत व्यावसायिक सामने खेळायला गेली. लोकांनी नावं ठेवली, विम्बल्डनची दारं तिला कायमची बंद झाली. १९३८ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी ती गेली.

व्यावसायिक खेळाडूंना विम्बल्डन खुलं झालं १९६८ मध्ये. तेव्हाही पुरुष विजेत्याला २००० पौंड आणि बाईला फक्त ७५०! बरोबरीची रक्कम मिळायला २००७ उजाडलं.

आपल्या महिला मंडळाची जमाखर्चाची वही कधी उघडून बघितलीय का? राबतं कोण आणि पैसा जातो कुठे, हे विचारण्यात लाज कसली?