जाळ्याचा आस मोजणारा डॉक्टर

मृगाचा पाऊस झाला, की पांझरा, गिरणा, अनेर या तापीच्या उपनद्यांना गढूळ पाणी येते आणि मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. या चढणीच्या माशांच्या पोटात अंडी असतात. बंधाऱ्याशी ते अडतात आणि तिथे जाळे लावणाऱ्याला एका रात्रीत पाटीभर मासळी मिळते. वर्षातला हा सर्वांत सोपा हंगाम असतो, पण पुढच्या वर्षांची तूटही इथेच सुरू होते. दीडशे वर्षांपूर्वी ही गोष्ट सरकारदरबारी पुराव्यानिशी मांडणारा माणूस व्यवसायाने डॉक्टर होता. त्याचे नाव फ्रान्सिस डे.

डे यांचा जन्म २ मार्च १८२९ रोजी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते १८५२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास वैद्यकीय सेवेत दाखल झाले. दुसऱ्या ब्रह्मी युद्धात त्यांनी काम केले. पुढे कोचीनला नेमणूक झाली आणि तिथल्या खाड्या व मासळी बाजार पाहता पाहता त्यांना माशांचा नाद लागला. १८६५ मध्ये मलबारच्या माशांवरचा त्यांचा ग्रंथ आला. निलगिरीच्या थंड ओढ्यांत ट्राउट मासा रुजवण्याचा त्यांचा १८६३ मधील प्रयत्न मात्र फसला.

१८७० च्या सुमारास सरकारला एक प्रश्न सतावत होता. कालव्यांसाठी नद्यांवर बंधारे बांधले जात होते. त्यामुळे मासळी घटते आहे काय? चौकशी डे यांच्याकडे आली आणि १८७१ मध्ये ते हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक झाले. त्यांनी स्वतः नद्या पाहिल्या आणि त्याबरोबर प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांकडे प्रश्नावलीही पाठवली. तुमच्या भागात किती लोक मासे खातात? बाजारात पुरेशी मासळी येते का? ती वाढते आहे की घटते आहे? जाळ्याचा सर्वांत लहान आस केवढा? पाण्यात विष घालतात का? गावपातळीची माहिती असणाऱ्या तहसीलदारांची उत्तरेही त्यांनी जमवली. १८७३ मध्ये गोड्या पाण्यातील आणि समुद्रातील मासळीवरचे त्यांचे दोन अहवाल प्रसिद्ध झाले.

गोड्या पाण्याचे निदान स्पष्ट होते. पिल्ले वाढण्याआधीच बारीक आसाच्या जाळ्यांत आणि बांबूच्या सापळ्यांत सापडत होती. अंडी घालायला निघालेले मोठे मासे वाटेतच मारले जात होते. विषारी फळे-साली टाकून डोहच्या डोह रिकामे होत होते आणि बंधाऱ्यांनी वरची वाट बंद केली होती. जाळ्याच्या आसाला किमान माप ठरवा, विणीच्या काळात मासेमारी थांबवा, विषावर बंदी घाला आणि बंधाऱ्यांत माशांना चढायला वाट ठेवा, असे उपाय त्यांनी सुचवले. त्यांचा विरोध पाणी अडवण्याला नव्हता, वाट न ठेवण्याला होता.

यामागचे गणित साधे आहे. पाण्यातील माशांचा साठा म्हणजे बँकेतील ठेव नव्हे, ते चालते खाते आहे. नवी पिल्ले आणि जगलेल्यांची वाढ ही जमा. नैसर्गिक मृत्यू आणि मासेमारी हा खर्च. थोडे मासे काढले तर उरलेल्यांना खाद्य जास्त मिळते, ते लवकर वाढतात आणि तूट भरून निघते. खर्च जमेपेक्षा वाढला की साठा खचतो. तो दोन तऱ्हांनी खचतो. लहान मासा वाढण्याआधी पकडला, तर किलोभर झाला असता तो छटाकभरच हाती लागतो. अंडी घालण्याआधी मोठी मादी पकडली, तर पिढीच तुटते. आस मोठा ठेवल्याने पहिले नुकसान टळते, विणीच्या बंदीने दुसरे.

डे यांच्या सूचनांना सरकारातूनच विरोध झाला. मासा लाखो अंडी घालतो, तो कसा संपेल, हा एक मुद्दा होता. गरिबाच्या तोंडचा घास कायद्याने का काढायचा, हा दुसरा. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य होते; बंदीच्या काळात कोळ्या-भोयांनी खायचे काय, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. पहिला मुद्दा मात्र फसवा होता. रोहूची मादी लाखांनी अंडी घालत असली, तरी महाशीर किलोमागे काही हजारच घालते आणि तिला वाढायला वर्षे लागतात.

१८७७ मध्ये डे निवृत्त होऊन मायदेशी गेले. त्यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा सचित्र ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात भागशः निघाला आणि मासे ओळखणाऱ्यांना आजही तो हाताशी लागतो. १८८३ मध्ये लंडनला मोठे मत्स्य प्रदर्शन भरले. तिथे भारताच्या विभागाची जबाबदारी डे यांच्यावर होती. त्याच प्रदर्शनात थॉमस हक्सली या नामवंत शास्त्रज्ञाने समुद्रातील मोठी मासेमारी कधी संपणार नाही, असा विश्वास व्यक्त केला. नदीतले मासे संपू शकतात हे मात्र त्यालाही मान्य होते. समुद्राबद्दलचा तो विश्वास पुढे खोटा ठरला: १९९२ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्यावरील कॉड माशाचा साठा कोसळून तिथली मासेमारी बंद करावी लागली.

डे १० जुलै १८८९ रोजी चेल्टनहॅम येथे वारले. त्यानंतर आठ वर्षांनी, १८९७ मध्ये, भारतीय मत्स्य कायदा झाला. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड त्यात ठरला. जाळी, बांध आणि तात्पुरती बंदी यांचे नियम करण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. डे यांनी मागितले होते त्याहून हे कमी होते. सक्तीचा आस आणि देशभराची विणीची बंदी त्यात नव्हती.

घटलेला साठा परत आणता येतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून दख्खनी महाशीरची पैदास करून बीज देशभर पुरवले. पण त्यालाही एक धडा जोडलेला आहे. हेच बीज कावेरीत सोडल्यावर तिथला स्थानिक कुबड्या महाशीर मागे पडला आणि आता तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. बाहेरचे बीज सोडणे म्हणजे नदी सावरणे नव्हे.

हतनूर किंवा गिरणा धरणात रोहू-कटल्याची बोटुकली सोडता येते आणि त्यावर मत्स्य सहकारी संस्थांचा धंदा चालतो. तापीचे स्वतःचे मासे मात्र कोणी आणून सोडत नाही. ते टिकायचे तर पावसाचे पहिले दोन महिने चढणीच्या वाटेवर जाळे लावायचे नाही आणि बारीक आसाचे जाळे नदीत उतरवायचे नाही. डे यांच्या १८७३ च्या यादीतली ही दोन कामे अजून करायचीच राहिली आहेत.