डेव्हिड ससून : आसरा देणाऱ्या गावाला न विसरलेला माणूस



पुण्याचं ससून रुग्णालय आपल्याला बातम्यांतून माहीत आहे. मुंबईचं ससून डॉकही ऐकलेलं असतं. पण ससून म्हणजे काय, असं पाचवीतल्या एका मुलीने विचारलं तेव्हा, खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग वाचून काढलं. तेच आज तुमच्यासाठी मांडते आहे.

जन्म आणि संकट

डेव्हिड ससून यांचा जन्म 1792 साली बगदादच्या एका प्रतिष्ठित ज्यू घराण्यात झाला. वडील तिथल्या पाशांचे खजिनदार. पण दाऊद पाशाच्या राजवटीत ज्यू लोकांचा छळ सुरू झाला आणि डेव्हिड यांना जीव वाचवून पळावं लागलं. इराणच्या बुशहर बंदरात त्यांनी आसरा घेतला. वडिलोपार्जित मान, घरदार सगळं मागे राहिलं. तेव्हा ते तरुणही नव्हते, चाळिशीच्या जवळ आले होते.

मुंबईत नवं घर

1832 मध्ये ते कुटुंबासह मुंबईला आले. आपल्या कोकणात बेने इस्रायली ज्यू कितीतरी पिढ्यांपासून सुखाने राहत होते. तेलाचा धंदा करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. अशा मुलखात धर्मासाठी छळ होणार नव्हता. ससून यांनी व्यापार सुरू केला, आठ मुलांना कामाला लावलं आणि चीनपर्यंत पेढ्या उघडल्या. 1853 मध्ये ते ब्रिटिश प्रजाजन झाले. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी सही हिब्रू लिपीत केली!

समाजासाठी काम

भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यांनी बांधवलं. पण मदत आपल्याच लोकांपुरती ठेवली नाही. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना हातकाम शिकवणारी सुधारशाळा मुंबईत त्यांच्या नावाने उभी राहिली. पुण्याच्या रुग्णालयासाठी त्यांनी मोठी देणगी दिली. मुंबईतल्या काळा घोडा भागातल्या वाचनालयासाठी 60,000 रुपये दिले.

7 नोव्हेंबर 1864 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. रुग्णालय 1867 मध्ये सुरू झालं, वाचनालयाची इमारत 1870 मध्ये पूर्ण झाली. म्हणजे दोन्ही वास्तू त्यांनी पूर्ण झालेल्या पाहिल्याच नाहीत. त्यांची समाधी पुण्यातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात आहे. ससून डॉक मात्र त्यांचा मुलगा अल्बर्ट याने 1875 मध्ये बांधलं.

एक अवघड गोष्ट

या संपत्तीचा मोठा भाग चीनला अफू विकून आला होता. तो व्यापार तेव्हा इंग्रज सरकारच्या आशीर्वादाने चालायचा, पण तिकडे लाखो घरं व्यसनाने उद्ध्वस्त झाली. हे मुलांपासून लपवावं का? मला वाटतं, नाही. इथे रुग्णालयाला पैसा देणाऱ्याच्याच व्यापाराने तिकडे माणसं आजारी पाडली, हे मोठ्या वर्गातल्या मुलांना सांगायलाच हवं. थोर माणसाचं चरित्र म्हणजे नुसती आरती नव्हे.

वर्गात काय घ्याल?

नकाशावर बगदाद, बुशहर, मुंबई अशी रेघ मुलांकडून काढून घ्या. मग आपल्या जिल्ह्याकडे या. गोसीखुर्द धरणात गाव गेलेल्या घरांतली लेकरं आपल्या शाळांत आहेत. कारण वेगळं, पण घर सोडण्याची कळ त्यांच्या आजी-आजोबांना ठाऊक आहे. त्यांना विचारून यायला सांगा : नव्या गावात पहिल्यांदा मदतीला कोण आलं?

माझ्या वर्गात हा प्रश्न दिला, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त बोलली ती नेहमी गप्प बसणारी मुलगी. तिच्या आजीला पहिल्या रात्री शेजारणीने भाकर-भाजी आणून दिली होती. आजी आजही त्या शेजारणीचं नाव घेते म्हणे.

तुम्हीही हा उपक्रम नक्की करून बघा.