जाहीरनाम्यातील मजुरी आणि कायद्यातील मजुरी

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आम्ही घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, ते यथार्थच आहे. परंतु श्रमिकांच्या मजुरीचा प्रश्न घेऊन मतदारांपुढे गेलेला पक्षनेता, हे त्यांचे रूप आमच्या समारंभांतून काहीसे मागे पडले आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारी, दीर्घकाळ वास्तव्य केले. गिरणीत विणकाम खात्याची मजुरी चांगली होती. पण तेथे धागा तोंडाला लावावा लागे, म्हणून विटाळाच्या सबबीखाली अस्पृश्य कामगारास मज्जाव होता. केवळ दर वाढवून हा अन्याय मिटणारा नव्हता.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पुरेसे वेतन, कामाच्या तासांवर मर्यादा, पगारी रजा व स्वस्त, आरोग्यदायी घरे ही त्या पक्षाच्या जाहीरनाम्यातील कलमे होती. मात्र १९३७ च्या निवडणुकीत मताधिकाराला मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या अटी होत्या. ज्यांच्या मजुरीसाठी प्रचार चालला होता, त्यांतील बहुसंख्यांना मतच नव्हते! तरीही पक्षाने मुंबई विधानसभेत लक्षणीय यश मिळविले.

निवडणूक संपली, पण जाहीरनामा बासनात गेला नाही. संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला; त्यात बाबासाहेब अग्रभागी होते. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला आणि एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले गेले. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला, तेव्हा ते मजूरमंत्री नव्हते, कायदामंत्री होते. अनुसूचित उद्योगांसाठी किमान दर ठरवून त्यांचा वेळोवेळी फेरविचार करण्याची तरतूद त्यात होती. शेतमजुरीचाही त्यात समावेश होता. भूमिहीनांच्या दृष्टीने हे फार मोलाचे होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज प्रत्येक निवडणुकीत मजुरीचे आकडे भिंतींवर रंगतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आकड्यापुढे जाऊन विचारावे: हा दर कोणत्या कामाला लागू, तो न देणाऱ्यावर कारवाई कोण करणार, आणि निकालानंतर विधेयक मांडणार कोण? बाबासाहेबांच्या चरित्राने आम्हांला हे विचारण्याचा अधिकार दिला आहे.